सामंतकाकांची बिनगाड्यांची वाट

सामंतकाकांबरोबर सायकल चालवायची तर एक अट पाळावी लागते. ते मराठीत विचारणार आणि आपण इंग्रजीत उत्तर द्यायचे. शुक्रवारी पहाटे कुवेतच्या शुवैख भागातली सगळी गॅरेजे बंद असतात. त्या रिकाम्या गल्ल्यांतून आम्ही जोडीने चाललेलो असतो आणि काका एकदम विचारतात, "काय रे, जेवलास?"

"हो."

"इंग्लिशीत सांग, मेल्या!"

"यस, आय एट."

"हां. काय जेवलास?"

पहाटे साडेपाचला माणूस काय जेवलेला असणार? पण वाद घालण्यात अर्थ नसतो. मी "पास्ता" म्हणतो. एकदा "पोहे" म्हणालो होतो तर काका चक्क नाराज झाले.

सामंतकाका मूळचे कुडाळकडचे. इथल्या एका इस्पितळात तीस वर्षे एक्स-रे काढतात. मी त्याच इस्पितळात रक्त-लघवी तपासतो आणि हवल्लीत त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे हा माणूस कधी बसत नाही हे मला माझ्या छताकडून कळत असते. दिवसभर ते रोग्यांना "ला तितहर्रक", म्हणजे हलू नका, असे बजावतात. रोग्यांची ती सगळी दाबून ठेवलेली हालचाल बहुधा काकांच्याच अंगात शिरली असावी. चहा उभ्याने पितात. लिफ्ट येईपर्यंत जिन्याने दोन मजले चढून परत खाली येतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला त्यांच्या शेजारी उभे राहायला कोणी तयार नसते, कारण ते ताटासकट फेऱ्या मारतात.

गेले दीड वर्ष या माणसाच्या डोक्यात एकच खूळ आहे. आल्प्स पर्वतातली तळी! तिथे म्हणे एक जुनी रेल्वे बंद पडली, रूळ काढले आणि तिची सायकलवाट केली. पाच दिवस तळ्यांच्या काठाकाठाने जायचे. "आणि गाडी नाय हो, विनय. एक गाडी नाय!" हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकले आहे. काकांनी युरोपात पाऊल ठेवलेले नाही, पण त्या वाटेवर पाण्याचा नळ कुठे आहे, कुठल्या चर्चमागे बाक आहे, तिसऱ्या दिवशीच्या बोगद्यात टॉर्च कधी काढायचा, हे सगळे त्यांना पाठ आहे.

तयारीही तशीच. कुवेत पोळपाटासारखे सपाट, मग चढाचा सराव कुठे करणार? आमच्या शेजारच्या इमारतीच्या पार्किंगला चार मजल्यांचा गोल चढ आहे. काका तिथे रोज संध्याकाळी वर-खाली करतात आणि तिथला इजिप्शियन हारिस, म्हणजे रखवालदार, दोन्ही हात आकाशाकडे करून देवाकडे दाद मागतो. पावसाचा सराव तर विचारूच नका. एका रविवारी त्यांनी मला वर बोलावले. पाहतो तर बाथरूममध्ये स्वारी पायापासून डोक्यापर्यंत रेनकोट घालून उभी.

"शॉवर सोड. फुल्ल!"

मी सोडला. दहा मिनिटे ते त्या पाण्याखाली उभ्याउभ्या पायडल मारल्यासारखे पाय हलवत होते.

"मानेतून आत येता," शेवटी ते म्हणाले. "दोन्ही बदलून आणूक व्हये."

दोन्ही! रेनकोट दोन होते. टॉर्च दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, कोकमाच्या पुड्यासुद्धा दोन. आता दीड वर्ष दर शुक्रवारी झोपमोड करून घेणाऱ्या माणसाने यातून काय समजायचे? मी समजलो. सप्टेंबरात माझी किती रजा शिल्लक राहते हेही गुपचूप पाहून ठेवले. आणि परवाच्या शुक्रवारी, आपण होऊन विचारायला जरा लाजत, म्हणालो, "काका, माझ्या व्हिसाचा अर्ज कधी टाकायचा?"

"तुझ्या? तू खंय चललंस?"

"मग तो दुसरा रेनकोट?"

"निनादचो तो."

माझा चेहरा पडला असणार. निनाद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. इथेच वाढला, इथल्याच शाळेत शिकला, आता जर्मनीत नोकरीला आहे. घरात तो पहिल्यापासून इंग्रजीत बोलायचा आणि काका मालवणीत. मध्ये काकू होत्या. त्या याचे त्याला सांगायच्या, त्याचे याला सांगायच्या, आणि सांगताना दोन्हीकडचा राग गाळून टाकायच्या. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून बापलेकांचा फोन म्हणजे "जेवलास?", "यस, बाबा", "काय जेवलास?", "पास्ता", "बरा तर मग", आणि बंद.

म्हणजे दीड वर्ष मी निनाद झालो होतो आणि मला पत्ताच नव्हता. संताप यायला हवा होता. आला नाही. मला भरून आले, खरे सांगतो.

काका समोर बघत पायडल मारत होते. "गाडये असले की एकापाठी एक जाऊक लागता," ते म्हणाले. "गाडये नसले की बाजूबाजूक जाता येता. एकमेकाच्या तोंडाकडे बघूक नाय लागत. मगे माणूस बोलता."

"निनाद काय म्हणाला मग?"

काकांनी ब्रेक दाबून पाहिला. घंटी वाजवून पाहिली. मग म्हणाले, "त्याका अजून विचारूक नाय."

मी थांबलोच. यांची रजा मंजूर, पाच गावांतल्या खोल्या दोघांच्या नावाने ठरलेल्या, व्हिसाची तारीख येत्या बुधवारी, आणि ज्याच्यासाठी हे सगळे त्याला पत्ता नाही!

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"म्हणानच विचारूक नाय ना!"

"फोन लावा. आत्ता."

त्यांनी एका बंद टायरवाल्याच्या दुकानाला सायकलवरून तीन फेऱ्या घातल्या. चौथ्या फेरीत लावला. तिकडे पहाटेचे पाच वाजले असतील हे आम्हा दोघांनाही सुचले नाही. पहिल्याच रिंगला आवाज आला, "बाबा? व्हॉट हॅपन्ड? आर यू ओके?"

"काय नाय झाला. जेवलास?"

मी कपाळाला हात लावला. पण त्यानंतर काकांचा जो बांध फुटला! तळी, बोगदा, नळ, चर्च, रेनकोट, दीड वर्षाचे सगळे त्यांनी एका दमात ओतले. फोन स्पीकरवर होता.

"बाबा," निनाद म्हणाला, "आय कान्ट राइड अ सायकल. आय नेव्हर लर्न्ट."

तक्रार नव्हती. आपला रक्तगट सांगावा तसे त्याने सांगितले. हवल्लीत सहाव्या मजल्यावर वाढलेला मुलगा तो. खाली गाड्यांचा पूर, बाहेर पन्नास अंश ऊन, बाप डबल ड्युटीवर. शिकणार कुठे आणि शिकवणार कोण? त्या परक्या वाटेवरचा प्रत्येक नळ ज्यांना पाठ होता, त्यांना आपल्या मुलाची ही एवढी गोष्ट माहीत नव्हती. काका जागच्या जागी उभे होते. मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मी शिकवतंय," ते म्हणाले.

"अँड द टूर?"

"जाऊ दे ती टूर. पयल्याच गावात तळ्याच्या काठाक सपाट वाट आसा. थंयच रव्हया पाच दिवस."

"आय ॲम थर्टी-वन, बाबा. पीपल विल लाफ."

"हसांदेत. मी पाठसून धरतंय तुका."

पलीकडे तो हसला की काय, नीट कळले नाही. मग म्हणाला, "ओके. बट डोन्ट लेट गो विदाउट टेलिंग मी."

"नाय सोडूचंय."

फोन बंद झाला. काकांनी आपली सायकल टायरवाल्याच्या शटरला टेकवली आणि माझ्या सायकलीचा कॅरिअर मागून घट्ट धरला.

"चल. मार पायडल."

"काका, मला येते सायकल!"

"माहीत आसा. तू फुडे बघ."

मी निघालो. एकोणसाठ वर्षांचा माणूस धापा टाकत, घामाने निथळत मागे धावू लागला. उन्हे वर आली होती. गल्लीचे टोक आले, मी वळलो, तेही वळले.

"सोडा आता, दम लागला तुम्हाला."

"सोडतंय, सोडतंय," ते म्हणाले आणि पकड आणखी घट्ट केली. "विनय, सांगून सोडूचा म्हणजे किती आधी सांगूचा रे?"

मलाही ठाऊक नव्हते. आम्ही आणखी एक फेरी मारली.