मन्मथअप्पांचा फडा

मन्मथअप्पांच्या दुकानात हॉकी स्टिक घ्यायला गेलात, तर ते आधी तुमच्या हातात फडा देतात. शिंदीचा झाडू, आखूड, मुठीला सुतळी गुंडाळलेला. तुम्ही गोंधळून इकडंतिकडं बघायला लागलात की काउंटरमागून आवाज येतो, "आधी झाडा, मग बोला."

नांदेडात स्टेडियमकडं जाणाऱ्या रस्त्यावर हे दुकान आहे. अप्पा मूळचे उदगीरचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा नेहरू शर्ट, आणि भोवताली शिट्ट्या, नेट, कॅरमची पावडर आणि शाळांच्या बक्षीस समारंभाला लागणारे पिवळेधमक कप. सगळ्या घराण्यानं तूर आणि सोयाबीनची आडत केली, या एकट्यानं चेंडू विकायला काढले. गंमत म्हणजे अप्पा जन्मात कधी हॉकी खेळलेले नाहीत.

तरी त्यांच्या मताशिवाय या गावात कुणी स्टिक घेत नाही. गिऱ्हाईक चार हात फरशी झाडतं, अप्पा चष्मा कपाळावर चढवून नुसती मनगटं आणि कंबर बघतात. मग निकाल देतात. "तुम्ही धूळ ओढता. खालच्या बाकाची घ्या." नाहीतर, "तुम्ही धूळ हाणता. बाक मधी पायजे, न्हाईतर बॉल आभाळात जाईल." हॉकीची स्टिक दिसते सरळ, पण तिला किंचित बाक असतो. चेंडू जमिनीलगत ओढून फेकणाऱ्याला तो बाक खाली लागतो, आणि ताडकन टोला हाणणाऱ्याला मधे. हे सगळं अप्पा फड्यावरून सांगतात. एका फौजदारांनाही त्यांनी झाडायला लावलं होतं. फौजदार आधी लाल झाले, मग त्यांनी झाडलं, आणि स्टिक घेऊन जाताना सॅल्यूट ठोकून गेले. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा, की अप्पांना दुकान झाडायला माणूस ठेवावा लागत नाही.

माझी त्यांची ओळख मुलीमुळं झाली. मुक्ता नववीत, पुढच्या फळीत खेळते. तिला कॉम्पोझिट, म्हणजे लाकडाऐवजी कार्बन आणि काचतंतूंची स्टिक हवी होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं काठी आणि चेंडू हा आपलाच प्रांत अशी माझी समजूत. चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून मी वहीत टिपणं काढली होती. दुकानात जाताच म्हणालो, "पंच्याण्णव टक्के कार्बनची दाखवा. कार्बन जास्त तितकी काठी ताठ, आणि काठी ताठ तितका चेंडूला वेग जास्त."

"आधी झाडा," अप्पा म्हणाले.

मुक्तानं झाडलं. अप्पांनी मान हलवली. "हात लई मऊ हाय पोरीचा. ताठ काठीवर आलेला बॉल अडायचा न्हाई, टणकन उडून जाईल. सर, हिला कमी कार्बनची द्या. दोन वर्षांनी या, तवा बगू."

"पण ऊर्जा..." मी सुरुवात केली.

"आता तुम्ही झाडा."

मी झाडलं. पंचवीस वर्षं फळा पुसलेल्या माणसाला हे काय अवघड? अप्पांनी बराच वेळ बघितलं. "सर," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कॅरम खेळा."

मुक्ता हे वाक्य अजून पाहुण्यांसमोर म्हणून दाखवते. पण कमी कार्बनच्या त्या काठीनं तिचा खेळ खरंच सुधारला, आणि माझी वही मी कपाटात टाकली. पुढं दर दोन-चार दिवसांनी कॉलेजवरून येताना मी अप्पांकडं चहाला टेकू लागलो. विद्वत्ता उतरली की मैत्री जमते.

त्या दुकानात एक काठी विकायची नव्हती. अगदी वर, भिंतीतल्या एकट्या खुंटीला लटकलेली, काळी, निळ्या पट्ट्याची. बाक चांगलाच खाली. तिच्यावर धूळ नसायची, कारण अप्पा दर सोमवारी दुकानातल्या महादेवाला बेल वाहून झाला की ती उतरवून पुसत. एकदा मुक्तानं विचारलं, तर म्हणाले, "ती बुक हाय." कुणासाठी, ते सांगितलं नाही.

मग मुक्ताच्या संघाचे सामने लातूरला ठरले आणि पालक म्हणून मीही जाणार, हे अप्पांना कळलं. त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला, प्यायला नाही. म्हणाले, "लातूरला भुप्पी हाय. पोरींना हॉकी शिकवतो तितं."

भूपिंदर म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीतला त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. पेनल्टी कॉर्नर मिळाला की चेंडू जमिनीवरून ओढत न्यायचा आणि फेकायचा, गोलरक्षकाला हलायची फुरसत नाही. "मी कदी खेळलो न्हाई सर. वडलांनी आडतीवरून उटूच दिलं न्हाई. भुप्पी मारायचा, अन् मला वाटायचं मीच मारला."

जन्मभर भुप्पी लाकडी काठीनं खेळला. मग कॉम्पोझिट काठ्या आल्या. अप्पांनी जालंधरहून सगळ्यात ताठ, सगळ्यात महाग काठी मागवली आणि फायनलच्या आदल्या दिवशी दोस्ताला भेट दिली. व्यापाऱ्याचा हिशेब, भारी माल तोच चांगला माल. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. भुप्पीनं चेंडू ओढला आणि तो गोलावरून, कंपाउंडवरून, थेट रस्त्यावरच्या रसवंतीत गेला.

"सगळे म्हणले, काठीनं घात केला. दुकान नवीन होतं माजं. मी भर मैदानात वरडलो, काठीत खोट न्हाई, हातात हाय."

भुप्पी दुकानात आला. काठी काउंटरवर ठेवून गेला. महिन्याभरात त्याची लातूरला बदली झाली. या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

"खोट कशात होती?" मी विचारलं.

अप्पांनी खुंटीकडं बघितलं. "बाकच चुकीचा होता सर. तो ओढणारा, मी हाणणाऱ्याची दिली. ओढताना बॉल काठीवर टिकलाच न्हाई, सुटून उडाला. हात न बगता दिली." तेव्हापासून फडा आला. आणि पुढच्याच वर्षी भुप्पीच्या हाताची, खालच्या बाकाची काठी मागवून त्यांनी खुंटीला लावली.

"द्या, मी नेऊन देतो," मी म्हणालो.

अप्पा उठले, काठी उतरवली, माझ्या हातात दिली आणि परत काढून घेतली. "न बगता दिली तर पुना तेच झालं की. तुम्ही फक्त बगून या, कसा चालतो, कसा वाकतो."

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. चौदा वर्षं जीव टांगणीला लागलेला, तरी माणूस आपला नियम सोडायला तयार नाही.

लातूरच्या मैदानावर सरदारजी सापडायला वेळ लागला नाही. पांढरी दाढी, गळ्यात शिट्टी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मुलींवर ओरडत होते. मी नांदेडचा म्हणून ओळख दिली, अप्पांचं नाव घेतलं. तोंडाकडं नेलेली शिट्टी हातातच राहिली.

"उसने भेजा?"

"तुम्ही कसे वाकता ते बघून यायला सांगितलंय."

त्यांनी हातानंच मुलींना खेळ चालू ठेवायची खूण केली. मग विचारलं, "खरंच सगळ्यांना झाडायला लावतो काय तो? इथं पोरी सांगतात, मला खोटं वाटलं."

"फौजदारालाही," मी म्हणालो. ते हसले नाहीत, पण मिशी हलली.

मी हे सगळं येऊन सांगितलं. अप्पांनी एवढंच विचारलं, "उटून उभा राहिला का?" नव्हते राहिले. पुढचे पंधरा दिवस अप्पा गिऱ्हाइकांना फडा देत, पण बघत रस्त्याकडं.

मग एका दुपारी मुक्ताच्या काठीची ग्रिप बदलायला मी दुकानात बसलो असताना बाहेर ऑटो थांबली. भूपिंदरजी उतरले. पायरीवर क्षणभर टेकले, आत आले. अप्पा काउंटरमागं उभे राहिले.

सरदारजींनी कोपऱ्यातला फडा स्वतःच उचलला.

एक हात काउंटरवर टेकवून, गुडघे न वाकवता, ते झाडू लागले. धूळ मात्र तशीच ओढत नेत होते, एका रेषेत, अलगद. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला होता, तो दोनदा खाली घेऊन पुसला. उंबऱ्याशी पोचून भूपिंदरजींनी फडा ठेवला. "झाडलं. आता बोलू?"

अप्पांनी खुंटीवरची काठी उतरवली. उपरण्यानं पुसली. त्यांच्याकडं बघितलं, काठीच्या बाकाकडं बघितलं, आणि ती परत खुंटीला लावली.

"ही आता तुला चालायची न्हाई, भुप्पी. कंबर गेली तुजी."

"गेली ना."

"तवा खोट काठीत होती," अप्पा म्हणाले. "हातात न्हवती. हात लई चांगला होता तुजा. म्या खोटं बोललो."

"मालूम है रे," भूपिंदरजी माझ्या शेजारच्या स्टुलावर बसत म्हणाले. "त्याच दिवशी मालूम होतं. चाय बोल. अन् तो कोपरा राहिला बघ, कंबर पोचली न्हाई."

अप्पा काउंटरमागून बाहेर आले. फडा उचलला, वाकले आणि कोपरा झाडायला लागले. अप्पांना स्वतः झाडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डोळे भरलेले, त्यामुळं धूळ जागची हलत नव्हती, नुसता फडा फिरत होता.

भूपिंदरजींनी स्टूल जवळ ओढलं. मग हळूच म्हणाले, "मनगट सैल सोड, अप्पा. ओढ. हाणू नको."