सासऱ्यांचा पक्का जोड

आज काहीही चुकणार नाही, असं गिटारवाल्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. तालमी झाल्या होत्या, माइक तपासून झाले होते, आणि दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो असे साथीचे चारही वादक चक्क वेळेवर आले होते! त्यातून आज सासरे पहिल्यांदाच ऐकायला येणार होते. लग्नाला आठ वर्षं झाली, तरी "जावई काय करतात?" असं कुणी विचारलं की हे निवृत्त सुतार "बघतायत काहीतरी" म्हणून विषय बदलायचे. आज त्यांची खात्री पटवायचीच, असा गिटारवाल्याने चंग बांधला होता.

तो सगळ्या बोटांनी गिटार वाजवायचा. मधूनच लाकडावर थापही द्यायचा, पण खरी करामत होती ती उजव्या हाताच्या लांब, चिकटवलेल्या नखांची. कार्यक्रमाला वीस मिनिटं उरली असताना गिटारच्या पेटीचं झाकण हातावर पडलं आणि त्यातली तीन नखं निखळली.

"आता?" मुख्य व्हायोलिनवाल्या बाईंनी विचारलं.

"चिकटवायचंच आहे ना? सरका!"

दारात सासरे उभे होते. त्यांच्या खिशातून गोंदाची नळी निघाली, मागोमाग सुतळी निघाली. सुतार निवृत्त होतो, त्याचे खिसे होत नाहीत.

"बाबा, मी करतो ना..."

"जावईबापू, चाळीस वर्षं हेच केलंय. हात इकडे द्या."

आठ वर्षांत सासऱ्यांनी आपणहून काही देऊ केलं नव्हतं. गिटारवाल्याला भरून आलं. त्याने हात पुढे केला.

सासऱ्यांनी तिन्ही नखं अगदी रेषेत बसवली. मग ती तिन्ही बोटं अंगठ्यासकट एकत्र दाबून सुतळीने करकचून बांधली.

"हे कशाला?"

"दाबून बांधल्याशिवाय जोड पक्का होत नाही. दहा मिनिटांनी सोडा," असं म्हणून ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

दहा मिनिटांनी व्हायोलावाल्याने सुतळी सोडली. जोड पक्का झाला होता. अंगठा आणि तीन बोटं मिळून आता एकच बोट होतं, बरंच जाड.

"सासऱ्यांना बोलावू?" बाई म्हणाल्या.

"नको! आज ते पहिल्यांदा माझ्याशी गोड बोललेत. तुम्ही सूर सांभाळा, मी बघतो."

पुढचा पाऊण तास त्याने गिटार नुसती ठोकली. पुढून ठोकली, बाजूने ठोकली, एकदा उलटी करून पाठीवर ठोकली. बाई त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होत्या. चौघांनी मात्र जीव तोडून वाजवलं, आणि लोकांना वाटलं, हेच ते नवं संगीत. टाळ्या थांबेनात!

पडदा पडल्यावर सासरे आत आले. गिटारवाल्याने हात पटकन टॉवेलखाली लपवला.

"जावईबापू, माझं चुकलं," सासरे म्हणाले. "मी डोळे मिटून ऐकलं. कुठे पोकळ, कुठे भरीव, हात बरोबर तिथेच पडत होता. अहो, तुम्हाला लाकूड कळतं!"

गिटारवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठी तो आठ वर्षं झुरला होता. आता खरं सांगायची छाती कुणाची होणार?

"एक सुचवू? राग नका मानू."

"सुचवा ना, बाबा."

"त्या तारा काढून टाका. उगाच हाताच्या मध्ये येतात."