प्रश्न क्रमांक सात

आपल्या देशात राज्यघटनेवर प्रेम नसलेला माणूस सापडणं कठीण, आणि ती वाचलेला माणूस सापडणं त्याहून कठीण. ही उणीव दूर व्हावी म्हणून विद्यापीठांनी घटनात्मक कायद्यातली एल.एल.एम. ही पदव्युत्तर पदवी काढली. तिच्यामुळे दोन वर्षांत माणूस घटनातज्ज्ञ होतो. वाचनाची अट आहे, पण ती जाचक नाही.

वालूरच्या महारुद्रने परभणीच्या एका विधी महाविद्यालयात प्रवेश घेतला तो अशाच उदात्त हेतूने. वकिली तो करतच होता, म्हणजे सेलूत काळा कोट घालून टेबल टाकून बसत होता. पण वडील दत्तराव वारले, लग्नाचं वय निसटायला लागलं, आणि पिंगळीचे गोविंदराव आपल्या अर्पितासाठी स्थळ बघतायत असं कानावर आलं. गोविंदरावांच्या अटी दोनच होत्या. मुलगा साधा वकील नको, त्याच्या वरचा हवा, आणि सातबाऱ्यावर त्याच्या एकट्याचं नाव हवं. (स्वतःच्या मुलीची हक्कसोडपत्रावरची सही त्यांनी स्थळं बघायच्या आधीच घेऊन ठेवली होती. लग्नानंतर मुलींच्या कानाला कोण लागेल सांगता येत नाही.)

दत्तरावांच्या मागे सातबाऱ्यावर तीन नावं लागली होती. महारुद्र, आई नर्मदाबाई आणि पाथरीला दिलेली थोरली बहीण कावेरी. नर्मदाबाईंनी सही कुठे करायची एवढंच विचारलं. राहता राहिली कावेरी. ती काय, घरचीच.

महाविद्यालय शिस्तीचं होतं. घटनेवरचे जाडजूड ग्रंथ काचेच्या कपाटात कुलूपबंद असत आणि किल्ली प्राचार्यांकडे. राष्ट्राचा ठेवा म्हटला की एवढी काळजी घ्यावीच लागते. लघुप्रबंधाचे विषय पिढीजात चालत आले होते: मूलभूत हक्क, मूलभूत कर्तव्ये, आणि मूलभूत हक्क व मूलभूत कर्तव्ये यांचा चिकित्सक अभ्यास. महारुद्रला मार्गदर्शक रंगनाथ सरांनी जरा वेगळा विषय दिला. ‘घटनेतील समानता आणि हिंदू स्त्रीचा शेतजमिनीतील हक्क.’ या विषयावरचा एक जुना लघुप्रबंध सरांच्या घरी माळ्यावर होताच. त्यातली पहिली पाच प्रकरणं महारुद्रने कृतज्ञतापूर्वक उतरवून घेतली.

सहावं प्रकरण मात्र स्वतःचं हवं होतं. त्यात शंभर ग्रामीण महिलांची पाहणी करायची होती. महारुद्रने सुंदर प्रश्नावली तयार केली, आणि सेलूच्या स्टेशनवर उशिराच्या पॅसेंजरची वाट बघत नव्व्याण्णव महिलांची उत्तरं स्वतःच लिहिली, शंभरावीच्या वेळी गाडी आली. (बायकांच्या मनातलं ओळखून लिहिणं हे अवघड काम आहे, विद्यापीठ त्याला वेगळे गुण देत नाही, हा अन्याय आहे.) निष्कर्ष असे निघाले. आपला हक्क माहीत असलेल्या महिला साधारण चौऱ्याण्णव टक्के. तो हक्क भावासाठी स्वखुशीने सोडलेल्या महिला शंभर टक्के. म्हणजे ज्यांना हक्क माहीतच नव्हता त्यांनीही तो स्वखुशीने सोडला. आपल्या संस्कृतीची खोली यावरून ध्यानात यावी.

रंगनाथ सर खूश झाले, पण माणूस तत्त्वाचा. ते म्हणाले, निदान एक बाई खरी पाहिजे, फोटोसकट.

म्हणून महारुद्र पाथरीला गेला. एका तिकिटात दोन कामं करावीत हा व्यवहार त्याला कळत होता. पिशवीत एक प्रश्नावली, एक हक्कसोडपत्र आणि एक साडी होती. दुसऱ्या दिवशी सेलूला निबंधकाच्या कार्यालयात जायला जीपसुद्धा सांगून ठेवली होती. हक्कसोडपत्रासोबत बहिणीला साडी नेसवायची आपल्याकडे रीत आहे. जमीन गुंठाभर असो की दहा एकर, साडी एकच. कायद्यापुढे सगळे समान म्हणतात ते हेच.

कायद्याच्या माणसाने क्रम सांभाळावा. महारुद्रने आधी प्रश्नावली काढली, कारण फोटोला उजेड हवा होता. कावेरीने ओल्या हाताला पदर लावून कागद घेतला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सातव्या प्रश्नावर बोट थांबलं. ‘वडिलोपार्जित शेतजमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, हे आपणास माहीत आहे काय?’

“हे कुणी लिवलंय?” तिने विचारलं.

“मीच,” महारुद्र अभिमानाने म्हणाला.

“मंग खरंच असल.”

तिने ‘नाही’वर खूण केली, सही केली, फोटोही काढू दिला. मग महारुद्रने दुसरा कागद पुढे केला, वर साडी ठेवून. कावेरीने साडी बाजूला सारली आणि हाही कागद वाचला. वाचायची सवय एकदा लागली की अशी पसरते. वाचून तिने तो घडी घालून परत दिला.

महारुद्रने तिला तज्ज्ञ म्हणून समजावलं. हक्क घटनेत असतो, घरात माया असते. दोन्हींची गल्लत करू नये. कावेरीने ते सगळं ऐकून घेतलं.

“मला ती कसायची न्हाई, इकायची बी न्हाई,” ती म्हणाली. “लग्नात आडनाव गेलं, तुमच्या राशनकार्डावरून नाव गेलं. सातबाऱ्यावर आबाच्या खाली लागलंय तेवढं एकच राह्यलंय. ऱ्हाऊ दे की. तुला काय जड व्हायलंय?”

हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता. महारुद्रने कागद पिशवीत भरले. तो न जेवता उठला. साडी परत नेली. सही नसताना ती देणं कायद्याला धरून झालं नसतं.

गोविंदराव अनुभवी होते. त्यांनी स्थळ मोडलं नाही, फक्त सल्ला दिला. एक दिवाळी आणायला जाऊ नका, बहिणी आपोआप समजूतदार होतात.

तोंडी परीक्षा उत्तम झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जेवणानंतर लघुप्रबंध चाळला. कावेरीच्या फोटोखाली ‘हक्कांविषयी जागरूक झालेली ग्रामीण महिला’ असं छापलं होतं. या संशोधनाचा बाईंना काही उपयोग झाला का, असं त्यांनी विचारलं. महारुद्रने खरं तेच सांगितलं, की झाला. त्याला प्रथम श्रेणी मिळाली. वालूरच्या चौकात फ्लेक्स लागला, त्यावर महारुद्र हाताची घडी घालून घटनातज्ज्ञ झालेला होता. सत्काराला उत्तर देताना तो समानतेवर इतकं छान बोलला की नर्मदाबाईंचे डोळे भरून आले. त्या समानतेमुळे भरून आले की लेक बोलावलेली नव्हती म्हणून, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळी आली. पाथरीला आणायला कुणी गेलं नाही. ज्यांना भाऊ नाही अशा बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. कावेरी तिन्हीसांजेपर्यंत उंबऱ्यात येऊन रस्ता बघत राहिली, मग अंगणात आली आणि नखाएवढ्या कोरीला तिने ओवाळलं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सही मात्र तिने केली नाही, अजूनही केलेली नाही. महारुद्रच्या लघुप्रबंधात ती ‘अपवाद’ या सदरात आहे.

इथवर वाचून ज्यांना महारुद्रचा राग आला ते वाचक सुजाण आहेत, यात शंका नाही. त्यांनी राग निवायच्या आत आपल्या शेताचा किंवा घराचा उतारा काढून बघावा. बहिणीचं नाव दिसलं नाही तर घाबरू नये, तिला फोन करून विचारावं. नंबर असेलच, सहीच्या वेळी लागला होता. आणि वाचणारी बाई असेल, तर नणंदेची सही घेऊन नवरा घरी आला त्या दिवशी आपण गोड काय केलं होतं, तेवढं तिने आठवून बघावं.