लुबोरचा तयार कान

"नॉर्वेजियन भाषा आता माझ्या घरी पाणी भरते," असं लुबोरने बायकोला फोनवर सांगितलं. बायको, म्हणजे यित्का, आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माहेरी, झेक देशात गेली होती. त्यामुळे हे खरं की खोटं ते तिला तपासता येत नव्हतं.

लुबोर नॉर्वेत एका फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या काठच्या गावात, बोटींच्या कारखान्यात वेल्डर होता. कान तयार व्हावा म्हणून त्याने अख्खा हिवाळा कानात इअरफोन खुपसून रेडिओ ऐकला होता. बातम्या, हवामान, मासळीचे भाव, जे लागेल ते. राजधानीतला निवेदक बोलला की आता त्याला स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा. अडचण एवढीच, की गावात निवेदक राहत नव्हता. गावातली माणसं अर्धे शब्द गिळायची आणि उरलेले वाऱ्यावर सोडून द्यायची. लुबोरने त्यावर तोडगा काढला होता. समोरच्याच्या बोलण्यातला एखादा ओळखीचा शब्द पकडायचा, बाकीचं वाक्य आपल्या मनाने जुळवायचं, आणि इथल्या लोकांसारखा श्वास आत ओढून 'या', म्हणजे हो, म्हणायचं. त्याचा तो आत ओढलेला होकार इतका अस्सल वाटायचा, की लोक आणखी भरभर बोलत सुटायचे.

"नाही कळलं तर विचारावं की रे," यित्का म्हणाली.

"विचारलं की लोक लगेच इंग्रजीवर येतात. मग मी कायमचा पाहुणाच राहणार."

समुद्रावरचं दुरुस्तीचं काम संपवून तो दोन आठवड्यांनी घरी आला, त्याच संध्याकाळी शेजारच्या गुडवाइगबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांचे म्हातारे यजमान तोरलाइव म्हणजे गावात लुबोरला हाक मारून बाकावर बसवून कॉफी पाजणारा एकमेव माणूस.

"तोरलाइव गेले," बाई म्हणाल्या. "रविवारी. घरी गेले."

तोरलाइवांचं घर म्हणजे बाहेरच्या बेटावरचं, हे लुबोरला माहीत होतं. लहानपणीच्या त्या घराबद्दल म्हातारा तासन् तास बोलायचा.

"बरं झालं," लुबोर म्हणाला. "किती दिवसांचं मनात होतं त्यांच्या."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हो. तसं बोलायचे खरे."

"आता शांत वाटत असेल त्यांना."

"वाटत असेल रे." बाईंचे डोळे भरून आले. या वयात नवरा दोन दिवस दूर गेला तरी बायकांचा जीव कासावीस होतो, असं लुबोरने मनाशी म्हटलं.

"परत कधी येणार?"

"शेवटच्या दिवशी," बाई हळूच म्हणाल्या. "आम्ही तरी तसंच धरून चाललोय."

शेवटचा दिवस म्हणजे महिनाअखेर. "मग काय, बघता बघता येईल तो," लुबोरने धीर दिला.

बाईंनी त्याचा हात घट्ट धरला आणि रडवेल्या आवाजात एका दमात पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं लुबोरच्या हाती लागलं ते असं: शुक्रवार, चर्चपाशी, पाच माणसं आहेत, एक कमी पडतोय, तूच हवास अशी तोरलाइवांची इच्छा होती. आणि 'बॅरा'.

तिकडच्या बोलीत 'बॅरा' म्हणजे वाहून नेणं, आणि 'बॅरा' म्हणजे बेरीही. दोन्हींच्या सुरात केसभर फरक आहे. तो रेडिओवरच्या निवेदकाला जमतो, रडणाऱ्या बाईला जमेलच असं नाही.

लुबोरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दलदलीत पिकणाऱ्या त्या केशरी बेरींची जागा त्या गावात सख्ख्या भावाला कुणी सांगत नाही. आणि त्याला तिथे न्यायला सांगावा धाडला होता.

"जड होईल हं," बाई म्हणाल्या. "वाट चढाची आहे."

"जितकं जड होईल तितका आनंदच आहे," लुबोर म्हणाला, आणि श्वास आत ओढून 'या'.

रात्रीच्या फोनवर त्याने यित्काला सांगितलं, "आपल्याला त्यांनी घरातलं मानलं." इकडे गुडवाइगबाईंनी दुकानात सांगितलं, की पाद्री दोनदा येऊन गेले, पण त्या अबोल वेल्डरसारखं माझं सांत्वन कुणी केलं नाही. केवढी श्रद्धा आहे त्याची!

शुक्रवारी लुबोर चर्चपाशी पोचला तो नारिंगी रेनकोट, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डासांसाठी तोंडावर जाळी सोडलेली टोपी आणि दोन्ही हातांत बादल्या अशा थाटात. काळे सूट घातलेली पाच माणसं रांगेत उभी होती.

"तुमच्या बादल्या कुठायत?" लुबोरने विचारलं.

पाचही जणांनी त्याच्या बादल्यांकडे बघितलं. मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या काळ्या गाडीचं दार उघडलं. आत पांढरी शवपेटी होती, आणि तिच्यावर फुलांच्या मधोमध तोरलाइवांचा फोटो.

गेले. घरी, म्हणजे देवाघरी. शेवटच्या दिवशी, म्हणजे सगळे मेलेले पुन्हा उठतील म्हणतात त्या दिवशी. सगळे शब्द एकेक करून लुबोरच्या कानात परत आले, या वेळी अर्थासकट. त्याने एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि जाळीच्या आड हमसून हमसून रडला. बाकावर हाक मारणारा तो एकच माणूस होता, आणि त्याच्या मरणावर आपण 'बरं झालं' म्हणालो होतो.

गुडवाइगबाई लगबगीने आल्या. "लुबोर, अरे हे काय घालून आलायस?"

"मला वाटलं, बेरी वेचायला."

बाईंना ते पोचायला जरा वेळ लागला. "मग परवा तू जे बोललास..."

"मला वाटलं, ते बेटावर गेलेत."

"आणि शेवटचा दिवस?"

"एकतीस ऑगस्ट," लुबोर म्हणाला.

बाईंनी रुमाल तोंडाशी नेला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. त्या इतक्या हसल्या की पाद्री दारातून डोकावले. "त्यांना सांगायला हवं होतं रे हे," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "चल, ऊठ. पाचजण खोळंबलेत."

कुणीतरी आपला काळा कोट काढून दिला. त्याच्या बाह्या लुबोरच्या कोपरापाशी संपत होत्या, आणि रबरी बूट पावलागणिक बदकासारखे ओरडत होते. पेटी जड होती, वाट चढाची होती. तो शेवटपर्यंत खांदा न बदलता चालला.

नंतर सभागृहात कॉफी आणि केक मांडले होते. लुबोर गुडवाइगबाईंच्या शेजारी बसला. समोर तोरलाइवांचे धाकटे भाऊ आर्नस्टाइन येऊन बसले. ते जन्मभर बेटावरच राहिलेले. त्यांनी एक लांबलचक वाक्य उच्चारलं आणि शेवटी प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. लुबोरला एक शब्द कळला नाही. आता पुन्हा तोच घोटाळा नको म्हणून त्याने मन घट्ट केलं. "मला कळलं नाही. परत सांगाल?"

त्यांनी परत सांगितलं, तेच, जास्त मोठ्याने.

लुबोर बाईंच्या कानाशी वाकला. "काय म्हणतायत?"

"मला नको विचारूस," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून दीर आहे माझा. अजून काही कळत नाही. मी आपली हो म्हणते." आणि त्यांनी श्वास आत ओढून 'या' म्हटलं.

मग लुबोरनेही म्हटलं. आर्नस्टाइन खूश झाले आणि त्यांनी दोघांचे हात हातात घेऊन जोरजोरात हलवले.

पुढच्या आठवड्यात यित्का परत आली. फेरीबोटीवरून ती उतरली, आणि तिच्या पाठोपाठ गळ्यात दोर असलेला एक दांडगा मेंढा. दोर धरलेल्या खलाशाने लुबोरचं नाव पुकारलं, आर्नस्टाइनांचा निरोप सांगितला, दोर त्याच्या हातात दिला आणि निघून गेला.

"कुणाचा हा?" यित्काने विचारलं.

"तोरलाइवांचा होता, बेटावर. आता आपला."

"तू हो म्हणालास?"

"म्हणालो."

"त्यांनी विचारलं तरी काय होतं नेमकं?"

लुबोरने मेंढ्याकडे बघितलं. "ते मलाही आत्ताच कळलं."