मिस वर्ना, दोर सोडा

दरवर्षी जुलैमध्ये समुद्राच्या तळातले स्कॅलप, म्हणजे शिंपले, काढायला निघायचं, तेव्हा बोट वेंडेलचा मेहुणा ट्रॅव्हिस चालवायचा आणि वेंडेल बर्फाची पेटी सांभाळायचा. या कामात त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या स्टीनहॅची गावात नव्हता (पेटीवर नुसतं बसून राहायचं असतं). पण यंदा ऐन मोसमात ट्रॅव्हिसच्या कंबरेत उसण भरली आणि तो अंथरुणाला खिळला.

"मग यंदा राहू दे," त्याची बायको लोरीन जेवताना म्हणाली. "नाहीतर कुणालातरी सांगू बोट चालवायला."

"कुणाला कशाला सांगायचं? मी आहे ना," वेंडेल म्हणाला.

सासूबाईंनी, म्हणजे मिस वर्नांनी (तिकडे वडीलधाऱ्या बायकांना आदराने मिसच म्हणतात), काटा खाली ठेवला. जोसी, त्याची मुलगी, आधी आईकडे आणि मग आजीकडे बघू लागली. पेरी गावातल्या फरश्यांच्या दुकानात दिवसभर लोकांना बाथरूमचे रंग सुचवणाऱ्या माणसाने समुद्रात बोट न्यायची, हे तिघींच्या गळी उतरायला जरा वेळ लागला. तेवढ्या वेळात वेंडेलने ट्रॅव्हिसला फोन करून किल्ली मागूनही घेतली.

शनिवारी सकाळी सगळं चोख झालं. नदीतून बाहेर पडताना वेंडेलने कुठेही बोट घासली नाही. (एका खांबाला ती किंचित टेकली, पण खांबाने तक्रार केली नाही.) पाणी काचेसारखं होतं आणि खाली हिरवंगार गवत डुलत होतं. आजूबाजूला लांब लांब इतर बोटी थांबलेल्या होत्या. वेंडेलने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि नांगर टाकला.

"अरे, दोर एवढाच सोडणार?" छपराखाली खुर्ची मांडून बसलेल्या मिस वर्ना म्हणाल्या. त्या पाण्यात उतरत नसत. बाथटबसुद्धा त्यांना फारसा मानवत नसे. "आमचे हे तर सोडतच राहायचे. मला कंटाळा यायचा."

"मिस वर्ना, पाणी गळ्याएवढं आहे. गळ्याएवढ्या पाण्याला लांबलचक दोर कशाला? उगाच गुंता होतो."

"तू म्हणशील तसं," मिस वर्ना म्हणाल्या आणि त्यांनी सँडविचचा डबा उघडला.

मग तो, लोरीन आणि जोसी पाण्यात उतरले. इथे पाण्यात माणसं आहेत असं बोटींना सांगणारा तरंगता लाल झेंडा जोसीच्या हातात होता. चेहऱ्यावर काच, तोंडात नळी आणि हातात जाळीची पिशवी. गवताच्या कडेला पहिला स्कॅलप दिसला तेव्हा वेंडेलच्या अंगावर दरवर्षीसारखाच काटा आला. शिंपल्याच्या कडेने निळ्या डोळ्यांची रांग असते आणि ते सगळे डोळे तुमच्याकडेच बघत असतात. हात घालावा तर तो शिंपला टाळ्या पिटत उलटा पळतो. वेंडेलने एक पकडला, मग दुसरा. दरवर्षी लोरीनची पिशवी फुगायची आणि त्याची पिशवी ओल्या मोज्यासारखी लोंबायची. यंदा तो कॅप्टन होता. त्याने मान खाली घातली आणि वर काढायचं नावच घेतलं नाही.

वारा सुटला तेव्हा त्याने वर पाहिलं. जमिनीच्या बाजूने काळं आभाळ चालून येत होतं. आणि बोट लहान दिसत होती.

वेंडेलला वाटलं, आपणच लांब आलो. मग त्याच्या लक्षात आलं की झेंडा होता तिथेच आहे, लोरीन आणि जोसी तिथेच आहेत, जात आहे ती बोट. ओहोटी आणि वारा दोघांनी मिळून तिला उघड्या समुद्राकडे ओढत नेलं होतं, आणि आखूड दोराचा नांगर खालच्या गवतावरून लाडात आल्यासारखा घसरत चालला होता. छपराखाली मिस वर्ना सँडविच खात होत्या.

शहाण्या माणसाने या क्षणी बायकोला हाक मारली असती. वेंडेलच्या मनात आलं, गुपचूप जाऊन बोट परत आणू. कुणाला कळणारही नाही. आणि तो पोहत सुटला.

तो जेवढा पुढे जाई, तेवढी बोट मागे सरके. ढग गडगडले. पिशवी जड होऊ लागली, पण ती सोडवत नव्हती. शेवटी तो हाक ऐकू जाईल इतका जवळ पोचला. पाणी आता डोक्यावर होतं.

"मिस वर्ना," तो धापा टाकत ओरडला. "इंजिन सुरू करा."

"कशाने?"

वेंडेलचा हात आपोआप चड्डीच्या खिशाकडे गेला. किल्ली तिथे होती. सुरक्षित राहावी म्हणून त्याने ती जवळ ठेवली होती.

"राहू द्या," तो ओरडला. "दोर सोडा. दोर!"

"काय करू?"

"दोर सोडा. सगळा!"

मिस वर्ना उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जावयाचा शब्द जशाच्या तसा पाळला. खुंट्याची गाठ त्यांनी नखांनी सोडवली, उरलेल्या दोराचं वेटोळं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळं समुद्रात टाकून दिलं.

"सोडला," त्या म्हणाल्या.

नांगरापासून मोकळी झालेली बोट वाऱ्यावर भरकन निघाली. मिस वर्नांचा चेहरा लहान होत गेला. त्या काहीतरी विचारत होत्या, बहुधा आता पुढे काय करू, असं. वेंडेलने वळून पाहिलं. मधे पावसाचा पडदा आला होता आणि लाल झेंडा कुठेच दिसत नव्हता. एकीकडे सासू, दुसरीकडे बायको आणि मुलगी, डोक्यावर विजा. कुठे पोहायचं? तो आधी इकडे वळला, मग तिकडे, आणि दोन्हीकडून लाटा त्याच्या नाकातोंडात गेल्या. आता त्याने पिशवी सोडली. स्कॅलप टाळ्या पिटत खाली गेले असावेत.

त्याच्या खांद्याला काहीतरी लागलं. मिस वर्नांनी टाकलेला पिवळा दोर होता तो, पाण्यावर तरंगणारा. वेंडेलने तो घट्ट धरला. आणि जो नांगर सकाळपासून बोटीला थांबवत नव्हता, तो आता लांब दोर मिळाल्यावर तळात असा रुतला, की वेंडेल तसूभरही हलेना. लाटा त्याच्यावरून जात होत्या आणि तो जागच्या जागी वरखाली होत होता. विजेचा उजेड पडला की तो डोळे मिटून लोरीनचं नाव घेई.

पाऊस जरा विरळ झाला तेव्हा त्याला एक मोठी सपाट बोट दिसली. तिने मिस वर्नांसकट त्यांची बोट मागे बांधून घेतली होती. मग ती वळली, थांबली, आणि तिच्यावर दोन ओली माणसं चढली. एकीच्या हातात लाल झेंडा होता. वेंडेलला रडूच कोसळलं. सगळे वाचले होते.

मग ती बोट किनाऱ्याकडे तोंड करून निघाली.

"अरे," वेंडेल म्हणाला. मग ओरडला. गडगडाटात त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

पुढे काय झालं ते त्याला नंतर जोसीने सांगितलं. लोरीनची समजूत होती की वेंडेल मागच्या बोटीत आईजवळ आहे. मिस वर्नांची समजूत होती की तो पोहत बायकोकडे गेला. बरंच अंतर गेल्यावर लोरीनने मागे हाक दिली, "मम्मा, वेंडेलला लाइफ जॅकेट घालायला सांग गं." आणि मिस वर्ना म्हणाल्या, "मी कशी सांगू? तो तुझ्याकडे आहे ना?"

त्यानंतर लोरीन इतक्या जोरात किंचाळली, की ती मोठी बोट चालवणाऱ्या अनोळखी बाईंनी चाक आधी फिरवलं आणि काय झालं ते मग विचारलं.

त्याला वर ओढून घेतलं तेव्हा त्याच्या मुठी उघडत नव्हत्या. लोरीनने त्या एकेक बोट करून सोडवल्या, त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि घट्ट धरून ठेवलं.

"हाक का नाही मारलीस रे मला?" ती म्हणाली. "मूर्ख माणसा. हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही घाबराल म्हणून," वेंडेल म्हणाला. (हे अगदीच खोटं नव्हतं.)

नदीच्या मुखाशी पाणी शांत झालं. मिस वर्नांनाही या मोठ्या बोटीवर घेतलं होतं. त्या त्याच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी त्याच्या ओल्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मी प्रार्थना करत होते, वेंडेल," त्या हळूच म्हणाल्या. "सारखी."

वेंडेल त्यांच्याकडे वळला. "माझ्यासाठी, मिस वर्ना?"

"म्हटलं, देवा, बोट चालवता येईल असं कुणीतरी पाठव," मिस वर्ना म्हणाल्या आणि चाकाशी उभ्या असलेल्या बाईंकडे मोठ्या प्रेमाने बघत राहिल्या.