शुद्ध लाल

लाल कोळंबी आणि निळी कोळंबी या दोन स्वतंत्र जाती आहेत, असं शोभिवंत कोळंबी मंडळाने बहुमताने ठरवलं. ‘जात एकच, रंग तेवढे निरनिराळे,’ असं म्हणणारे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक अल्पमतात गेले. अध्यक्ष तात्यांनी त्याच संध्याकाळी घरी काचेच्या दोन वेगळ्या टाक्या मांडल्या.

निळ्यांची टाकी गळायला लागली तेव्हा तात्या सभेत होते. घरात गरोदर सून एकटी. तिने जाळीने निळ्या उचलल्या आणि लालांच्या टाकीत सोडल्या.

“सूनबाई, हे काय केलंस?”

“मेल्या असत्या, बाबा.”

“शुद्ध तरी मेल्या असत्या.”

यथावकाश टाकीत पिल्लं दिसली. लाल नाहीत, निळी नाहीत, चिखलासारखी तपकिरी. तात्यांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी प्राध्यापकांना गुपचूप बोलावलं.

“ही कुठली जात?”

“मूळची. ओढ्यात असते ती. हिच्यातूनच वेचून वेचून तुमची लाल काढलीय.”

“म्हणजे ही लालची...”

“आजी.”

तात्या नियमाचे पक्के. त्यांनी स्वतःविरुद्ध स्वतःच तक्रार गुदरली. उपसमिती येऊन टाकीत टॉर्च मारू लागली. घाबरली की कोळंबी फिकी पडते. त्यामुळे अस्सल लालही संशयित ठरल्या. फिकेपणा हा कबुलीजबाब मानावा, असं सचिवांचं मत पडलं. शेवटी खजिनदारांनी तोडगा काढला, “उष्णता लागली की खरा रंग बाहेर येतो. चाचणी घ्या.”

पातेलं तात्यांनीच गॅसवर ठेवलं. रोज चिमटीने खाऊ टाकणाऱ्या हातानेच, पदाची जबाबदारी आठवून, त्यांनी साऱ्या कोळंब्या त्यात सोडल्या. उकळी आली आणि निळ्या, तपकिरी, फिक्या, झाडून साऱ्या लालबुंद झाल्या. सर्व नमुने शुद्ध असल्याचा दाखला जागेवरच मिळाला. टाकी तेवढी रिकामी झाली.

पुढच्याच आठवड्यात सुनेला मुलगी झाली. मंडळ दवाखान्यात हजर झालं. आई कशी आहे, हे कोणी विचारलं नाही. सचिवांनी खिडकीचा पडदा सारला, तात्या उजेडात वाकून बाळाकडे बघत राहिले.

“होईल हळूहळू...” ते सचिवांना धीर देत म्हणाले.

सुनेने बाळ कुशीत ओढलं. “बाबा, हिला गॅसपासून लांब ठेवा.”

आता मुलगी रंगाने कशी होती, हे तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. मंडळाची वर्गणी नाममात्र आहे.