छाया फिरायला निघते

छाया कुठंही जायचं म्हटलं, की तिथं बघायला काय आहे हे विचारत नाही. बसायला काय आहे, हे विचारते.

"काका, मकबऱ्यात बाकडी हायेत का?"

"असतील की."

"पाठ टेकायची, का नुसती फळी?"

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कुठल्या रॅकवर कुठला बोल्ट आहे, हे डोळे मिटून सांगायचो. पण बीबीच्या मकबऱ्यातल्या बाकड्यांना पाठ आहे की नाही, हे काही मला सांगता येईना. सगळा जन्म या शहरात काढून आपण नेमकं काय पाहिलं, असा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

छाया आमच्या समोरच्या रो-हाऊसमध्ये राहते. माहेर बिडकीनच्या पलीकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा, ज्ञानेश्वर, कंपनीत शिफ्टला जातो आणि उरलेल्या वेळात झोपतो. त्याला उभं असलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलंय. मुलं दोन. स्वरा सहा वर्षांची, शिवा तीन. आणि मी सांगतोय त्या दिवाळीच्या सुट्टीत छायाला आठवा महिना लागला होता.

आठव्या महिन्यातली बाई सुट्टीत काय करेल? पाय वर घेऊन पडेल, असं आपलं मला वाटायचं. ही रोज सकाळी नऊला आमच्या दारात. एका हाताला शिवा, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल, मागं पाण्याची बाटली घेतलेली स्वरा.

"काका, घाई नाय. पर गाडी काढा."

हे तिचं ठरलेलं वाक्य. यात नेमकी घाई आहे की नाही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. नाही म्हणावं म्हणून मी बायकोकडं बघायचो, तर ती अगोदरच डब्यात चिवडा भरत असायची. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळं ती यायची नाही. मला मात्र पाठवायची.

गाडीत बसल्यावर खरा गोंधळ सुरू व्हायचा. स्वराला तिनं एक ठिकाण कबूल केलेलं असायचं, शिवाला दुसरंच. मला सांगितलेलं तिसरं. आणि रस्ता सांगायची तो चौथीकडंच जायचा. "उजवीकडं घ्या," म्हणायची आणि हात डावीकडं करायची. मी तोंडाचं ऐकलं, की "आवो, हात बघा की!" हाताचं ऐकलं, की "मी म्हणले काय आन तुम्ही वळले कुठं?"

एकदा स्वराला विमान बघायचं होतं आणि शिवाला शेळ्या. मी म्हटलं, "आज एकच. काय ते ठरवा."

"दोन्ही बी हुतंय. सरळ घ्या."

तिनं मला विमानतळाच्या भिंतीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर आणलं. तिथं खरंच शेळ्या चरत होत्या. छायानं स्टूल मांडलं, कंबरेवर हात ठेवून सावकाश बसली आणि जिभेनं टाळूवर कसला तरी आवाज काढला. टर्रर्र, हीऽऽ, असं काहीतरी. कळप जागच्या जागी थांबला, वळला आणि सरळ आमच्याकडं आला. शेळ्यांचा मालक लांबून ओरडत होता, पण त्याच्या शेळ्या त्याला ओळखायलाही तयार नव्हत्या. शिवानं एकीचा कान धरला. एक माझ्या शर्टाची बाही चघळायला लागली.

एवढ्यात एक सुरक्षारक्षक आला. गरोदर बाई, दोन पोरं, एक म्हातारा आणि पंधरा-वीस शेळ्या. यातलं आधी कुणाला हटकावं, हे त्याला समजेना.

"मौसी, इधर कायको बैठे?"

"विमान देखरे. कब आनेवाला है तुम्हारा?"

विमान जणू त्याच्या घरचंच होतं. त्यानं मुकाट्यानं घड्याळ पाहिलं. "आज लेट है," म्हणाला. आणि विमान येईपर्यंत तोही आमच्यात उभा राहिला. विमान आलं तेव्हा सगळ्यात जोरात हात त्यानंच हलवला.

अशी आमची सुट्टी चालली होती. छावणीत घोडा बघायचा म्हणून गेलो, घोडा दिसला नाही, तर लाँड्रीवाल्याच्या दुकानात बसून इस्त्री बघितली. वेरूळ तिनं पायऱ्यांमुळं बाद केलं आणि दौलताबादचा किल्ला तर नाव ऐकूनच. तिचे पाय संध्याकाळी सुजून चपलेच्या बाहेर यायचे. मी म्हणायचो, "बाई, उद्या आराम कर." ती म्हणायची, "व्हय, उद्या करते." दुसऱ्या दिवशी नऊला दारात.

मला सगळ्यात न कळणारी गोष्ट ही, की पोरं हट्ट करतच नव्हती. स्वरा तर दोन-तीनदा म्हणालीसुद्धा, "मम्मी, आज घरी खेळू." छाया म्हणायची, "घरी काय खेळतीस? चल, लई भारी जागा हाये." मग हे नेमकं कुणासाठी चाललं होतं?

सुट्टीचे चार दिवस उरले होते. आम्ही पाणचक्कीला गेलो. पोरं हौदाच्या काठानं माशांना मुरमुरे टाकत होती. छाया वडाखाली बसली होती. मी सहज मागं वळून पाहिलं, तर तिनं झाडाला हात लावून डोळे मिटलेले.

"काय झालं?"

"काय नाय. काका, घाई नाय..." एवढंच म्हणाली. पुढचं म्हणाली नाही. 

दोन्ही पोरांना काखेत मारून मी गाडी कशी काढली, ते मला आठवत नाही. शिवा रडत होता. स्वरा एकदाही रडली नाही, फक्त आईच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून बसली होती. दवाखान्यात छायाला आत नेलं. मी बायकोला फोन लावला आणि स्वतःचंच नाव सांगायला लागलो.

अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. कळा खऱ्या नव्हत्या. बाळ व्यवस्थित होतं. (पुढं ते वेळेवर आलं, मुलगी, ठणठणीत.) पण त्या मलाच रागावल्या. "या अवस्थेत फिरवता कशाला यांना? आता फक्त आराम. डाव्या कुशीवर."

मी आत गेलो. बायको येऊन पोरांना बाहेर सांभाळत होती. भीती ओसरली होती, त्यामुळं मला राग आला होता.

"कशासाठी ही धावाधाव, छाया? पोरं मागतात का?"

ती छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नाय. ती कशाला मागत्यात."

ओढणीचं टोक सरळ करत म्हणाली, "मी स्वराएवढीच व्हते. धाकल्या भावाच्या टायमाला मला आत्याकडं धाडलं, मेंढरांमागं. दोन महिने म्हणून धाडलं, दीड वरीस राहिले. परत आले तर आई दारात बाळाला घेऊन बसलेली. म्हणली, 'कोणाची गं तू पोरी?' चेष्टा केली तिनं. समदे हसले. मी बी हसले."

मी पाण्याचा ग्लास तिच्या उशाशी सरकवला.

"आता हे आलं की माझे हात गुततेत, काका. म्हणलं, त्याच्या आधी ह्या दोघांना पोटभर द्यावं. मागून कोणी म्हणू नये, आई इसरली आपल्याला."

दुसऱ्या दिवशी ती घरी पलंगावर आणि मी तिच्या दारात. "पोरांना मी नेतो," म्हटलं. तिचा चेहरा उजळला. मला स्टूल लागत नाही, तरी बरोबर घ्यायला लावलं.

बागेत स्वरा झोक्यावर बसली, पण झोका दे म्हणाली नाही. शिवानं घसरगुंडीकडं नुसतं बघितलं. दहा मिनिटांनी स्वरा मला म्हणाली, "आबा, झालं. आता घरी?"

आम्ही परत आलो. छायानं पलंगावरूनच मान उचलली. "एवढ्यात? काय गं, नाय आवडलं का? आबांनी झोका दिला नाय?"

स्वरानं चपला काढल्या, पलंगावर चढली आणि आईच्या पाठीला पाठ लावून पडली. शिवा पायाशी गेला.

"आगं, काय करायलीस?"

"काय नाय," स्वरा म्हणाली. "पडायली."

छायानं माझ्याकडं पाहिलं.  डाव्या कुशीवरून वळायची तिला मनाई होती. तिनं एक हात मागं नेला आणि चाचपडत राहिली, स्वराचे केस हाताला लागेपर्यंत.

मी दार हळूच ओढून घेतलं.